गडग्याच्या आत

माझी आजी आयुष्यात एकदाही खोटं बोलली नाही. हे वाक्य तिच्या दफनाच्या वेळी पाद्रींनी उच्चारलं आणि जमलेल्यांनी माना हलवल्या. माझी कातरीन काकी पेटीला लागून उभी होती. तिनेही मान हलवली. पुढे माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या कचेरीत, आलेली बातमी तपासण्यात गेलं. त्या सवयीने तपासलं तरी या वाक्यात चूक सापडत नाही. ते स्तुती म्हणून म्हटलं गेलं, एवढीच माझी हरकत आहे.

तिचं नाव पास्कीन. ईस्टरच्या सणाला आमच्याकडे पास्क म्हणत. त्या दिवशी जन्मली म्हणून पास्कीन. आम्ही नातवंडं तिला मोठी आय म्हणत असू आणि गाव डोकरी, म्हणजे म्हातारी, म्हणे. ठाण्याच्या उत्तरेला खाडीला चिकटून आमचं गाव होतं. एका अंगाला आम्हा ख्रिस्ती शेतकऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला आगऱ्यांची, मध्ये एक विहीर आणि पलीकडे मिठागरं. बोली दोन्हीकडे एकच. पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले. आमच्या पूर्वजांच्या कपाळावर पडलेलं बाप्तिस्म्याचं पाणी तेवढं राहिलं. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो.

मोठी आय ठेंगणी, काळी आणि काटक होती. घोट्याच्या वर कासोटा घातलेलं लाल चौकड्यांचं लुगडं ती वर्षभर नेसे. देवळात जाताना त्यावरून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घेई, तिला वोल म्हणत. घरात एका फळीवर मारियेची मूर्ती, सांत आंतोन आणि एक पितळी वाटी असे. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ती असेल तिथे थांबायची. हातात कोयता असो की मासा, तो खाली ठेवायचा आणि प्रार्थना म्हणायची. बैलगाडी हाकणाऱ्या माझ्या आजोबांनाही, म्हणजे मिंगेलना, गाडी थांबवावी लागे. त्यांचे बैल घंटा ऐकून आपण होऊन उभे राहतात, असं आगरी लोक हसून सांगत.

संतांशी तिचा व्यवहार रोखठोक होता. हरवलेली वस्तू शोधून देणं हे सांत आंतोनचं काम. एकदा अंड्यावर बसणारी कोंबडी नाहीशी झाली. तिने दोन दिवस प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी सांत आंतोनला फळीवरून उचलून भाताच्या टोपलीखाली झाकलं.

"आगं, देव हाय तो," आजोबा म्हणाले.

"देव नाय. संत हाय. ते येगलं. कोंबडी येऊं दे, मग येल भाएर."

"आन् कोल्ह्यानं खाल्ली आसंल तर?"

"तर तसं सांगावं त्यानं मना."

कोंबडी आली नाही. पुढच्या रविवारी तिने टोपली उचलली, मूर्ती पुसली आणि परत फळीवर ठेवली. "कबूल केलंन," एवढंच म्हणाली. काय कबूल केलं, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

गावात तिचं नाव झालं ते ताडीच्या खटल्यामुळे. ताडाची झाडं तासून ताडी काढणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात उद्योग होता. सरकारने त्यावर परवाना बसवला. आजोबांनी परवाना न घेता दोन झाडं चालू ठेवली. गावात बहुतेकांनी तेच केलं होतं. अबकारीचा शिरस्तेदार शिपाई घेऊन आला तेव्हा आजोबा मागच्या दाराने सटकले होते आणि ती ओटीवर तांदूळ निवडत होती.

"ती झाडं कोण तासतो, बाई?" शिरस्तेदाराने विचारलं.

"माजा नवरा."

शिरस्तेदाराला एवढ्या लवकर उत्तर अपेक्षित नसावं. त्याने तिला परत विचारलं आणि तिने तेच उत्तर दिलं. आजोबा ठाण्याच्या तुरुंगात जाऊन आले. या काळात ती दर आठवड्याला भाकरी बांधून तुरुंगाच्या दाराशी बसायची. परत आल्यावर आजोबांनी गावाला एक वाक्य दिलं, ते पुढे बरीच वर्षं टिकलं. "लोक बायको करतात," ते म्हणत, "मी साक्षीदार केला." गाव हसलं. पण त्या दिवसापासून बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, लोक म्हणू लागले, डोकरीला विचारा. आमच्या घराला त्याचा अभिमान होता. कातरीन काकीलाही होता.

कातरीन ही माझ्या धाकट्या काकाची, जुजेची बायको. जुजे कल्याणला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होता. आठवडाभर तिकडे राही आणि रविवारी घरी येई. कातरीन गावातच सासूजवळ राहिली. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. ती सासूबरोबर भात लावी, सासूबरोबर गुडघे टेकी, सासूकडून रोजार, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, शिके. सुनेला कोणी बोललं तर मोठी आय बोलणाऱ्याला दारात उभं करत नसे. दोघी एका ताटात जेवताना मी पाहिल्या आहेत.

आता त्या पितळी वाटीबद्दल. पाद्री राहायचे शहराच्या बाजूला आणि मधला बांध भरतीला पाण्याखाली जाई. जन्मलेलं मूल जगणार नाही असं दिसलं आणि पाद्री पोचणं शक्य नसलं, तर कोणाही माणसाने बाप्तिस्मा द्यावा, अशी आमच्या धर्मात मुभा आहे. गावात हे काम मोठ्या आयकडे होतं. एका जुन्या पाद्रींनी तिला ते शिकवलं होतं. वाटीतलं पाणी ती रोज सकाळी बदली. बोलावणं आलं की वोल अंगावर घेऊन, वाटीवर हात झाकून धावत निघे. बाप्तिस्मा झालेलं मूल मेलं तर दफनभूमीच्या दगडी गडग्याच्या आत, पवित्र केलेल्या जमिनीत जागा मिळे. न झालेलं मूल बाहेर, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीजवळ, पडीक जागेत. बाहेरचं मूल नरकात जात नाही, असं ती समजावून सांगे. त्याला दुःख नसतं. फक्त देव दिसत नाही, कधीच.

हे काम तिने गावातल्या तरुण बायकांनाही शिकवून ठेवलं होतं. पडवीत बसवून, वाटी हातात देऊन, कापडाच्या बाहुलीवर. तिचा एक नियम होता आणि तो चुकला की ती बाहुली काढून घेई. पाणी घालणारा आणि शब्द बोलणारा माणूस एकच हवा. "मी तुला बाप्तिस्मा देतो" असे ते शब्द आहेत. ज्याने पाणी घातलं नाही त्याने "मी" कसं म्हणायचं? एकीने पाणी घातलं आणि दुसरीने शब्द म्हटले तर ते नुसतं पोराचं डोकं भिजवणं. "हात आन् तोंड एकाचं," ती म्हणे. कातरीन तिची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती.

गावात सुईणीचं काम चांगुणा करी. ती आगरी, आमच्या विहिरीपलीकडची. ख्रिस्ती आळीतली पोरंही तिच्याच हातांवर जन्मली. मोठी आय आणि ती, दोघींचं जवळपास एकत्रच काम चाले; एक मूल बाहेर काढी आणि गरज पडली तर दुसरी पाणी घेऊन उभी असे. मग चांगुणाचं स्वतःचं पोर तापाने आजारी पडलं. मोठी आय मदतीला गेली, रात्रंदिवस बसली. पोर जाणार हे दिसल्यावर तिने कपाळ पुसण्याच्या निमित्ताने त्याच्यावर पाणी घातलं आणि ओठांतल्या ओठांत शब्द म्हटले. कोणाला कळलं नव्हतं. महिनाभराने चांगुणा विहिरीवर रडत होती, तेव्हा मोठ्या आयने तिचं सांत्वन करण्यासाठी ते सांगितलं.

"रडूं नको. तुजा पोर देवाकडं हाय. मी सोता पानी घातलंय."

चांगुणाने घागर खाली ठेवली. "कुनाला इचारलंस?"

"इचाराला येल कुटं व्हता?"

"माज्या पोराला तुज्या देवाकडं धाडलास," चांगुणा म्हणाली, "आन् मना महिन्यानं सांगतंस."

त्यानंतर चांगुणा तिच्याशी बोलली नाही. बाळंतपणाला मात्र येत राहिली. खोलीत दोघी एकमेकींकडे न पाहता काम करत. आपलं काय चुकलं, हे मोठ्या आयला कधीच कळलं नाही. ती चांगुणाच्या पोराचं नाव रोज प्रार्थनेत घेई. तो स्वर्गात आहे याविषयी तिला शंका नव्हती.

याच सुमारास तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी भाताची पळी सांडे. मग वाटी. ती उजवा हात लुगड्यात खुपसून ठेवू लागली. बाप्तिस्म्याचं काम आता कातरीनकडे दे, असं आजोबांनी सुचवलं.

"हात माजा हाय," ती म्हणाली. "देवाला म्हाईत हाय."

आजोबा पुढच्या वर्षी वारले. त्यानंतर हा विषय कोणी काढला नाही.

कातरीनला दिवस गेले तेव्हा मी मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. सणासाठी घरी आलो होतो, त्या दिवसांत तिला कळा सुरू झाल्या. अजून दिवस भरले नव्हते. पुढचं जे मी स्वतः पाहिलं ते ओटीवरून आणि बंद दाराबाहेरून. आतलं मला नंतर दोघींनी, कातरीनने आणि चांगुणाने, वेगवेगळं सांगितलं. दोन्ही हकिकती जुळतात.

दुपारची वेळ होती आणि भरती होती. मुलगा झाला. लहानसा, निळसर, रडला नाही. चांगुणाने त्याला चोळलं, उलटा धरला, तोंडात फुंकलं. थोडा श्वास आला. मग तिने मान हलवली. मोठी आय वाटी घेऊन तयारच होती. तिने शब्द सुरू केले आणि हात पुढे केला. हात थरथरला आणि पाणी गोधडीवर सांडलं. वाटीत थोडं उरलं होतं. कातरीनने पडल्या पडल्या तिच्या हातातली वाटी हिसकावली आणि पोराच्या डोक्यावर ओतली. मोठी आय शब्द म्हणतच होती. शब्द पुरे झाले. मी बाहेर आमेन ऐकलं. लगेच आतून तिचा आवाज आला, "पानी आन, पानी आन." मी विहिरीवरून भरून ठेवलेली घागर दाराशी नेली. चांगुणा दारात आली आणि म्हणाली, "नको आता."

ओहोटी लागल्यावर पाद्री आले. नवे होते, गोव्याहून आलेले, तरुण. आमची बोली त्यांना जेमतेम येई. ते ओटीवर बसले, घाम पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. प्रश्न असा होता की त्यात उत्तर आधीच ठेवलेलं होतं.

"पाणी तुम्हीच घातलं ना, पास्कीनबाय? आणि शब्द म्हटले?"

मोठी आय उभी होती. ती काही बोलायच्या आत दारातून चांगुणा बोलली. ती त्या घरात इतक्या वर्षांत प्रथमच मोठ्या आयसाठी बोलत होती.

"हिनंच घातलं. मी व्हती ना तिकरं. माज्या डोल्यांनी बघितलं."

पाद्रींनी मान हलवली आणि उठायला लागले.

"चांगुणा खोटं बोलते," मोठी आय म्हणाली.

पाद्री परत बसले.

"शब्द माजे," ती म्हणाली. "पानी कातरीननं घातलं. माज्या हातातून सांडलं. परत कराला गेली, तवर पोर गेलं."

पाद्री वाईट माणूस नव्हते, हे नोंदवलं पाहिजे. ते म्हणाले, "पास्कीनबाय, गडबडीत माणसाला नीट आठवत नाही. जरा आठवून सांगा."

आत कातरीन जागी होती आणि ऐकत होती.

"आठवतंय मना," मोठी आय म्हणाली. "हात तिचा, तोंड माजं. तो बाप्तिस्मा नाय झाला, पाद्री. तुमाला पन म्हाईत हाय."

त्यांना माहीत होतं. असं सांगितल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग राहिला नाही. त्यांनी घरासाठी एक प्रार्थना म्हटली, ती पोरासाठी नव्हती, आणि भरती परत यायच्या आत बांधावरून निघून गेले.

तेव्हा आतून कातरीनचा आवाज आला. ओरडली नाही. "आय," ती म्हणाली, "मना देतीस वाटी आधीच, तर बोल पन मीच बोलली असती. मना येतात. तूच शिकवलंस."

मोठ्या आयने वाटी धुतली, पुसली आणि फळीवर ठेवली.

आमचा खड्डे खणणारा माणूस गडग्याबाहेर फावडं चालवायला तयार होईना. खड्डा चांगुणाचा नवरा पोशा याने खणला, तिवरांच्या बाजूला, जिथे आगरी लोक आपली तान्ही पोरं पुरत. जुजे कल्याणहून संध्याकाळी पोचला. त्याने पोर हातात घेतलं आणि खड्ड्यात ठेवलं. सगळं उरकून माणसं परतायला लागली तेव्हा चांगुणा मोठ्या आयसमोर येऊन उभी राहिली.

"माजा पोर तुज्या देवाकडं धाडलास," ती म्हणाली, "आन् तुजा आमच्यात आनून ठेवलास."

हे बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. पोशाने तिला दंडाला धरून नेलं.

जुजेने कातरीनला कल्याणला चल म्हणून सांगितलं. रेल्वेची खोली मिळत होती. "पोर हितं हाय," ती म्हणाली. "मी नाय यायची." ती त्याच घरात राहिली आणि सासूचं सगळं करत राहिली. भात वाढी, पाणी तापवी, वोल धुऊन वाळत घाली. बोलणं मात्र कामापुरतं. एका ताटात जेवणं थांबलं. मोठ्या आयने बाप्तिस्म्याचं काम सोडलं. वाटीतलं पाणी बदलणंही सोडलं. एके दिवशी वाटी फळीवरून नाहीशी झाली. सांत आंतोनला कोणी काही विचारलं नाही.

गावाने तिला दोष दिला नाही. उलट तिचा मान वाढला. स्वतःच्या नातवासाठीसुद्धा खोटं बोलली नाही, असं लोक पाहुण्यांना सांगत. ते सांगत असताना ती समोर असली तर उठून आत जाई. ते पाद्री वर्षभरात बदलून गेले, आणि जाताना तिचा निरोप घ्यायला घरी आले. ती मागच्या दाराने शेतात निघून गेली.

मी रजेवर येई तेव्हा एक दृश्य मला नेहमी दिसे. रविवारी देवळातून सुटल्यावर मोठी आय दफनभूमीत जाई आणि आतून गडग्याशी उभी राही. गडगा तिच्या छातीपर्यंत येई. ती त्यावर थरथरणारा हात ठेवी. प्रार्थना म्हणत नसे. बाहेरच्या मुलांना प्रार्थनेचा उपयोग नाही, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. नुसती उभी राही. त्याच वेळी कातरीन बाहेरून, मिठागराच्या वाटेने येई, जमिनीवरचं गवत उपटी आणि जाई. दोघींमध्ये हातभर रुंदीचा दगडांचा गडगा असे. त्या एकमेकींना दिसत. बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही.

प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. कातरीनने तिला लहान मुलासारखं सांभाळलं. भरवलं, पुसलं, कूस बदलली. मी पोचलो तेव्हा ती गेली होती. जुजे माझ्या थोडा आधी कल्याणहून आला होता. ओटीवर तो कातरीनला विचारत होता.

"आय काय बोलली काय शेवटी?"

"नाय," कातरीन म्हणाली. "रोजार बोलत गेली."

तिला मानाची जागा मिळाली. देवळाच्या दाराजवळ, जिथे पाद्रींना पुरत, तिथून जेमतेम दोन पावलांवर. गडगा तिथून दिसतो, पण लांब आहे.

बऱ्याच वर्षांनी, जुजेही गेल्यावर, कातरीन काकी विहिरीवर बोंबील साफ करत होती आणि मी जवळ बसलो होतो. तिने आपण होऊन विषय काढला. शेवटच्या दिवशी सकाळी म्हातारीने तिचा पदर धरला होता. मला गडग्याबाहेर ठेवा, म्हणाली होती. पोराच्या बाजूला. जुजेला सांग. कातरीन "सांगते" म्हणाली होती.

"आणि सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"नाय."

"खोटं बोललीस."

"हो," ती म्हणाली. तिने एक बोंबील धुऊन टोपलीत टाकला. "त्या घरात कुनीतरी खोटं बोलाला पायजेच व्हतं. मना जरा उशीर झाला."

मोठ्या आयला मी शेवटचं पाहिलं ते पेटीवर झाकण पडण्याआधी. पांढरी वोल हनुवटीपर्यंत ओढली होती. पाद्री तिच्या सत्याबद्दल बोलत होते. कातरीन वाकली आणि तिने म्हातारीच्या उजव्या हाताला रोजारची माळ गुंडाळली, घट्ट, बोटांमधून. मग हात तिच्या छातीवर ठेवला आणि क्षणभर तिथेच धरून राहिली. तो हात आता अजिबात हलत नव्हता.